चुलीच्या उजवीकडे

१७ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार

सात वर्षांनी भांडं काढलं. कागदावर. सात वर्षं मी इथे आखातात एसीचे डक्ट आणि ड्रेनेजच्या लायनी काढतोय. त्याआधी अठरा वर्षं पुरातत्त्व खात्यात खापरं काढत होतो, आणि आमचे साहेब म्हणायचे, भानुदासने काढलेल्या काठावरून कुंभाराने भांडं घडवावं. स्वतःचीच तारीफ करतोय, पण वही खासगी आहे.

झालं असं की गेल्या आठवड्यात खतीजाबाई ऑफिसात आल्या. बाई सोमालियाच्या. देऱ्यात धक्क्याजवळ त्यांचं कापडाचं छोटं दुकान आहे, आणि तिकडे जाणाऱ्या गलबतांचे नाखवे त्यांच्या नात्यातले. आमच्या मालकांची, राजाभाऊंची, साखर आणि टायर त्याच गलबतांवर जातात, त्या कामाला आल्या होत्या. माझ्या टेबलाशी थांबल्या. जेवणाच्या सुट्टीत मी उगाच जुन्या सवयीने एक रांजण काढून ठेवला होता. तो बोटाने दाखवून म्हणाल्या, "ये आपने बनाया? मेरा काम करोगे?"

त्यांच्या गावात दोन खोल्यांचं म्युझियम होतं. किल्ल्या खतीजाबाईंकडे असायच्या. लढाई पेटली तेव्हा शहरातलं मोठं म्युझियम लुटल्याची बातमी आली, आणि गावाने एका दिवसात आपल्या खोल्या रिकाम्या केल्या. एक्केचाळीस वस्तू घराघरांत वाटल्या. चिनी ताटल्या, सुलतानांची तांब्याची नाणी, कोरीव थडग्याचा दगड, पितळी कर्णा. ज्याच्या घरी जे गेलं, ते त्याने मशिदीत हात ठेवून सांभाळायचं कबूल केलं. सहा वर्षं झाली, एकही वस्तू हललेली नाही. पण दोन म्हातारे वारले, एक कुटुंब मोम्बासाला गेलं. आता बाईंना नोंदवही हवी आहे, चित्रांसकट. उद्या काही चोरीला गेलंच तर आमचं होतं हे दाखवायला हातात कागद हवा, म्हणतात.

एकच अट. गावाचं नाव आणि घरांची नावं लिहायची नाहीत. "घर नहीं लिखना, भानुदासभाई. घर मेरे सर में है."

बरं, म्हटलं. म्हणून गावाचं नाव इथेही लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली खेप आली! मी गलबताबरोबर सोल्डरची दहा रिळं पाठवली होती आणि खतीजाबाईंकडून कॅसेटवर सांगून घेतलं होतं की मऊ तार भांड्याच्या अंगाला दाबायची, हलकेच सोडवायची, कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. आम्ही गोदावरीकाठच्या उत्खननात हेच करायचो. (तिथे मजूर बायकांना हे शिकवायला दोन सीझन गेले होते.) इथे समुद्रापलीकडच्या बायकांनी फक्त ऐकून केलंय. सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर एकोणीस आकृत्या, प्रत्येकीवर अंगठा.

सगळ्यांत देखणी रेघ मैमुनाबी नावाच्या म्हातारीची. तिच्याकडे चौदा नंबर आहे, हिरव्या झिलईची ताटली, आत दोन मासे. मी ताटलीचा तळ जरा जाड वाटतो, पुन्हा घ्या, असा निरोप दिला होता. तिचा उलटा निरोप कॅसेटवर आला. खतीजाबाई सांगताना तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. म्हातारी म्हणते, त्या हिंदी माणसाला सांग, तळ जाडच आहे, तुझी नजर पातळ आहे.

मी पुन्हा मोजलं. तळ जाडच होता.

करामातल्या घरी परत आलो तो जमिनीवर चालत नव्हतो. शर्वाणी दहावीचा अभ्यास करत होती, तिला चित्र दाखवलं. "बाबा, इट्स जस्ट अ पॉट." तिची आई, सुलक्षणा, मात्र बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "मासे एकमेकांच्या मागे फिरतायत."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नोंदवहीत सहा रकाने आखलेत. क्रमांक, वस्तू, माप, कशाची, कुठे सापडली, सध्या कुठे आहे. सहावा रिकामा. रोज वही उघडतो आणि तो पांढरा पट्टा डोळ्यांत खुपतो. साहेब म्हणायचे, जागा लिहिली नाही तर वस्तू बाजारातली झाली. खात्यात मी जागा न लिहिता एक खापरी पिशवीत टाकली होती, तर सगळ्यांसमोर त्यांनी ती परत मातीत टाकायला लावली.

आज खतीजाबाईंशी वाद घातला. त्यांना रक्तदाब आहे, डॉक्टरांनी दोनदा ॲडमिट करायचं म्हटलंय. मी म्हणालो, "बाई, कल आपको कुछ हो गया तो? एकतालीस घर किसको मालूम?" बोललो आणि वाटलं जरा जास्त झालं. पण त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ कापडाची घडी सारखी करत राहिल्या. मग दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि एकेक करून एक्केचाळीस जागा तोंडी सांगितल्या. दोनदा. "अब दो सर हो गए. लिखना नहीं."

नाही लिहिणार, म्हणालो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लिहिल्या. वहीत नव्हे, वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने. माझं डोकं म्हणजे काही तिजोरी नाही, आजच चार जागा धूसर झाल्या होत्या. मैमुनाबीची ताटली चुलीच्या बाजूला भिंतीत आहे, वर गिलावा. उजव्या हाताला की डाव्या? सुलक्षणा चहाला हाका मारत होती. उजव्याच असावं. 'चुलीच्या उजवीकडे' लिहून टाकलं. पुढच्या शुक्रवारी सहज विचारून घेईन.

आता झोप लागेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

राजाभाऊंनी कामाला ऑफिसमधली मागची खोली दिली, झेरॉक्सही फुकट. या माणसाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवणार नाही. नव्वद साली माझा हात धरून त्यांनी मला इथे आणलं. व्हिसा त्यांचा, शर्वाणीची ॲडमिशन त्यांच्या चिठ्ठीवर, मंडळाचा गणपती त्यांच्याच घरी बसतो. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या लोखंडी कपाटात असतात, ते सांभाळायला म्हणून.

आज त्यांनी एका पाहुण्याला आणलं. सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते, औषधाचा डॉक्टर नव्हे, विद्वान. आफ्रिकेवर फार प्रेम. युद्ध संपल्यावर म्युझियम परत उभारायला एक ट्रस्ट काढणार आहे म्हणे. माझी चित्रं एकेक बघितली. थडग्याचा दगड आणि दरवाजाची चौकट भराभर उलटली, पण सात चित्रांपाशी थांबला. मी मोजलं. चौदा नंबरवर तर भिंगच काढलं. वजन किती असेल, एका हातात उचलते का, असं बारीक विचारत होता. हे चित्रांचं पुस्तक व्हायला हवं, म्हणाला, आणि पहिल्या पानावर तुमचं नाव.

राजाभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "भानुदास, अरे हिरा आहेस तू, आणि मी तुला गटारं काढायला बसवलंय!"

सुलक्षणाला सांगितलं. ती म्हणाली, "राजाभाऊंना पुस्तकांची आवड कधीपासून?" माणूस चांगला वागला तरी हिला पंचाईत.

२० डिसेंबर, शनिवार

समोरच्या बिल्डिंगमध्ये आग लागली. माणसं वाचली, पण दोन घरं कोळसा झाली. मला आधी आठवली ती नोंदवही. राजाभाऊच म्हणाले, "एक कॉपी माझ्या कपाटात टाक. यल्ला, आजच टाक." खरं होतं. वहीची झेरॉक्स दिली. आणि पेन्सिलीचा तो कागदही, कारण जागांशिवाय कॉपीला अर्थ काय? लिफाफ्यात घातला, पारदर्शक टेप लावली, टेपवर आरपार सही केली. काम असं चोख हवं.

"तो कागद घरी ठेवला असता," सुलक्षणा म्हणाली.

"कुठे? डाळीच्या डब्यात?"

"डाळीच्या डब्यात कोणी बघत नाही."

खतीजाबाईंना लिफाफ्याचं सांगितलं नाही. कागद आहे हेच त्यांना माहीत नाही. योग्य वेळी सांगेन.

१३ जानेवारी १९९८, मंगळवार

रोजे सुरू आहेत, ऑफिस दोनला सुटतं. पासपोर्टची झेरॉक्स हवी होती म्हणून राजाभाऊंनी कपाट उघडलं. लिफाफा दिसला. टेप खाकी होती. मी तर पारदर्शक लावली होती. आठवडाभर एसी बिघडला होता, डिंक सुटला असेल आणि कोणीतरी नीट चिकटवलं असेल. सही दिसली नाही. पण मी हातात घेऊन बघेपर्यंत राजाभाऊ थांबले नाहीत, घाईत होते.

डॉक्टरच्या पुस्तकाचं विचारलं. "इन्शाल्ला," म्हणाले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खतीजाबाईंचं दुकान बंद. शेजारच्या अत्तरवाल्याने सांगितलं, घरी आहे, गावाकडून खबर आली. गेलो. बाया जमल्या होत्या. मला बघून त्या उठून बाहेर आल्या, भिंतीला टेकून बोलल्या.

शनिवारी दोन गाड्या भरून बंदूकवाले गावात आले. त्यांनी लूटमार केली नाही, घरं धुंडाळली नाहीत. कागद बघून थेट सात घरांत गेले, सात वस्तू काढल्या आणि तासाभरात निघून गेले. मैमुनाबी चुलीसमोर आडवी झाली, तर बंदुकीच्या दस्त्याने तिचं मनगट मोडलं. उजवं.

याहून वाईट पुढे आहे. गावाची खात्री आहे की आतल्याच कोणी जागा सांगितल्या, आणि पंचांचा संशय मैमुनाबीच्या जावयावर आहे. तो शहरात ये-जा करतो. त्याला बायकोपोरांसकट गावाबाहेर काढलंय. लढाईच्या दिवसांत गावाबाहेर काढलेल्या माणसाला जो तो मारू शकतो, असं बाई म्हणाल्या. "वो ऐसा आदमी नहीं है. मगर फिर कौन?"

मी म्हणालो, फार वाईट झालं. मग त्या आणखी एक म्हणाल्या. "अजीब बात है. मैमुनाबी के घर में पहले चूल्हे की दाहिनी तरफ तोड़ा. उधर कुछ नहीं था. फिर गाली दी, फिर बाईं तरफ तोड़ा. जिसको मालूम था, उसको गलत मालूम था."

कसा घरी आलो आठवत नाही. बस सोडून देऱ्यापासून पुलावरून चालतच आलो बहुतेक.

चुलीच्या उजवीकडे. सगळ्या जगात ही चूक एकाच कागदावर होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार

राजाभाऊंच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. आजवर कधी लावलं नव्हतं.

"राजाभाऊ, लिफाफा उघडलात?"

त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं निदान खोटं बोलतील. "बस आधी," म्हणाले. "चहा घेणार?"

"त्या म्हातारीचा हात मोडलाय."

"ते व्हायला नको होतं. त्या लोकांना मी बजावलं होतं." मग खुर्ची पुढे ओढली. "अरे, तिकडे रोज गोळ्या चालतात. उद्या एक बॉम्ब पडला असता तर तुझ्या ताटलीचा चुरा झाला असता. आता एसीतल्या कपाटात राहील. प्रोटेक्शनच हवं होतं ना तुला?"

"मी सीलबंद दिला होता. विश्वासाने."

"हो, आणि मी उघडला. पण भानुदास, तू लिहिलंच नसतंस तर मी काय उघडणार होतो?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढून समोर सरकवलं. सातही चित्रं माझी. चौदा नंबर मुखपृष्ठावर. पहिल्या पानावर इंग्रजीत माझं नाव. "त्यांना नको होतं. मी घालायला लावलं," राजाभाऊ म्हणाले, आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. "खलास. आता हा विषय नको. शर्वाणीची परीक्षा कधी आहे, मार्चमध्ये ना? पासपोर्ट वगैरे सगळं नीट आहे आपल्याकडे."

फसवलं मला. सात वर्षं या माणसाचं मीठ खाल्लं, त्याच्या घरच्या आरतीत टाळ्या वाजवल्या, आणि त्याने माझाच हात वापरून एका म्हातारीचा हात मोडला. रेघ सरळ येणार नाही आज.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस कोणाशी धड बोललो नाही. गप्प बसलो तर कोणाला काय कळणार? जावयावरचा आळ जाईल हळूहळू. असाही विचार केला, लिहून ठेवतो.

आज जेवताना सुलक्षणाने विचारलं आणि सगळं बाहेर पडलं. मला वाटलं ती डाळीच्या डब्याचं काढेल. काढलं नाही. पोळी तव्यावर तशीच राहिली, करपली. आतून शर्वाणी आली. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा, डिड यू टेल दॅट लेडी?"

"तुझी परीक्षा आहे," मी म्हणालो.

"आय नो व्हेन माय एक्झाम इज. डिड यू टेल हर?"

सुलक्षणाने गॅस बंद केला. "शुक्रवारची वाट बघू नका. जाऊन या," म्हणाली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. कागदाचं, लिफाफ्याचं, उजवीकडचं. दुकानात उभ्याने. म्हणालो, राजाभाऊ ने धोखा दिया, मुझे भी, आपको भी.

खतीजाबाईंनी शटर निम्मं ओढलं, त्या दिवशीसारखंच. बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"राजाभाऊ ने मुझे धोखा नहीं दिया, भानुदासभाई. राजाभाऊ पर मैंने भरोसा ही कब किया था?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काउंटरखालून त्यांनी टेपरेकॉर्डर काढला आणि कोरी कॅसेट घातली. म्हणाल्या, बोला. गलबत संध्याकाळी सुटतंय. मशिदीच्या ओट्यावर सगळं गाव ऐकेल.

मी बोललो. एकेक वाक्य हिंदीत, मागून त्यांचं त्यांच्या भाषेत. मेरा नाम भानुदास है. जगह का कागज़ मैंने लिखा. लिखने को मना किया था, फिर भी लिखा. मैमुनाबी के दामाद ने कुछ नहीं किया. तिथे थांबलो. त्यांनी बटण दाबून टेप थांबवली. "किसको दिया, वो भी बोलो. पूरा नाम." मी राजाभाऊंचं पूर्ण नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, त्या पुस्तकाचंही. तेच सगळं इंग्रजीत लिहून नोंदवहीत लावलं आणि खाली सही केली. वस्तू कुठे विकायला आली तर दाखवता येईल.

निघताना म्हणालो, माफ करा. त्या कॅसेटवर नाव लिहीत होत्या, वर बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

व्हिसा कॅन्सल. खतीजाबाईंच्या नाखव्यांनी राजाभाऊंचा माल चढवायला नकार दिला, त्यावरून त्यांना कळलं. महिन्याची मुदत आहे, शर्वाणीचे पेपर तेवढ्यात संपतील. मंडळातल्या दोघांनी फोन केले. राजाभाऊंसारख्या माणसाशी असं वागलात, उपकाराची जाण नाही, म्हणाले. मी फोन ठेवून दिला. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडलो. त्या माणसासाठीच रडलो, हेही लिहून ठेवतो. माझं आणखी कोण होतं इथे?

२२ मार्च, रविवार

सामान बांधून झालं. परवाचं विमान. दुपारी बेल वाजली, दारात खतीजाबाई. आमच्या घरी पहिल्यांदाच आल्या. बसल्या नाहीत. जावई घरी परतला, एवढं सांगितलं, आणि सिमेंटच्या पिशवीच्या कागदाची गुंडाळी हातात दिली. "मैमुनाबी ने भेजा. बोली, हिंदी आदमी को दो."

उलगडली. रेघ वाकडीतिकडी होती, मध्येच तुटलेली. डाव्या हाताने काढली होती. मधे चूल, तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक भोक. दोन्हींची कड तारेने घेतलेली, रुंदी-खोली वितीत मोजलेली, अंगठा खाली. डाव्या भोकात माझ्या वहीतला नंबर, चौदा. उजव्या भोकाखाली एक ओळ लिहिली होती.

"क्या लिखा है?" मी विचारलं.

खतीजाबाईंनी चष्मा लावला. "लिखा है, इधर कभी कुछ नहीं था."

त्या गेल्यावर बांधलेली पेटी पुन्हा उघडली, पेनं काढली. सुलक्षणाने टेबल मोकळं करून दिलं. वाकडी रेघ सरळ केली नाही, जशी होती तशीच शाईने गिरवली, दोन्ही भोकं. मग नोंदवहीत चौदा नंबरपुढचा सहावा रकाना भरला. चुलीच्या डावीकडे होती, आता नाही. माहिती फोडणारा, भानुदास. वही सुलक्षणाबरोबर खाली पाठवली. खतीजाबाई अजून बसस्टॉपवर उभ्या होत्या.